सत्तेचाळीस नंबरचं झाड

केलगेरी, धारवाड
१० फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास विठूचा नमस्कार.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर ओरडता येत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं. शिवाय या वेळी सांगायला पुष्कळ आहे. सत्तरी उलटल्यावर तुझा भाऊ मोठा माणूस झाला आहे.

तळ्याचं जास्तीचं पाणी सांडतं त्या कोडीतून निघणारा आपला हळ्ळ आठवतो ना? लहानपणी आपण खेकडे धरायला जायचो तो ओढा. गेली कित्येक वर्षं तिथून नाक दाबून जावं लागायचं. अलीकडचा काठ शहराचा, पलीकडचा पंचायतीचा, त्यामुळे तो कुणाचाच नव्हता. आता दोघांनी मिळून काम हाती घेतलंय. काठाने अडीच किलोमीटरची पायवाट होणार, आणि दोन्ही अंगांना फक्त इथली, देशी झाडं लावायची. करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर, बहावा. दोन्हीकडच्या लोकांची एक समिती केली आहे, आणि झाडांचा जाणकार म्हणून तीत मी. बत्तीस वर्षं पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवलं ते कामी आलं म्हणायचं. अनिता म्हणते, निवृत्त झाल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच वेळेवर दाढी करताय.

कामाची रीत अशी. जुन्या प्रत्येक झाडाला पांढऱ्या रंगाने नंबर द्यायचा. जे बाहेरदेशचं असेल त्यावर तांबडी फुली. फुली मारलेलं झाड काढायला दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, पण सह्या करणारे माझ्या तोंडाकडे बघून करतात. मी फुली म्हटलं की फुली. निलगिरी, सुबाभूळ, गुलमोहर, सगळ्यांची रवानगी होणार.

एक गंमत सांगतो. कोडीच्या खाली, जिथे दोन्ही हद्दी मिळतात, तिथे एक थोराड गुलमोहर आहे. नंबर सत्तेचाळीस. पंचायतीचा माळी सटवाजी त्याला फुली मारू देईना. साठी ओलांडलेला माणूस, ब्रश धरून उभाच राहिला. म्हणाला, "बेडा सर, नगं. ह्याला हात लावू नगा. हितं काठाला ल्हान लेकरं ठेवल्याली हाईत. माजी दोन भावंडंबी हितंच हाईत, म्हनून तर माजं नाव सटवाजी ठिवलं." मी त्याला म्हटलं, अरे बाबा, हे झाड मूळचं मादागास्करचं, तुझ्या भावंडांचा आणि त्याचा काय संबंध? सगळे हसले. फुली शेवटी मीच माझ्या हाताने मारली.

२६ तारखेला कापणी सुरू. त्या दिवशी छोटा समारंभ आहे आणि माझं भाषणही. तुझ्या अंगणातला पांढरा चाफासुद्धा परदेशी आहे, बरं का! सोलापूरला आलो की फुली मारीन.

तुझा
विठू

*

सोलापूर
१९ फेब्रुवारी २०२४

चि. विठूस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. तीन वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. आता हे फाडायचं नाही असं ठरवून बसले आहे. मधुवंतीला फोन लावून द्यायला सांगितलं असतं, पण मग सुनेसमोर मला हे ओरडून बोलावं लागलं असतं. माझ्या पोराला, संजीवला, स्वतःच्या आधी एक बहीण होती हेच ठाऊक नाही.

तू तेव्हा बेळगावला कॉलेजात होतास. हे धारवाडला नोकरीला होते आणि आम्ही आपल्याच घरात राहत होतो. तुला एवढंच कळलं की अक्काचं मूल गेलं. तिचं नाव कमल होतं. कमू. अकरा महिन्यांची होती, भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. तीन दिवस ताप आला आणि गेली. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. बायकांनी जायचं नसतं. अप्पा आणि हे तिला घेऊन गेले, दीड तासाने परत आले, विहिरीवर आंघोळी केल्या, आणि त्यानंतर त्या घरात कुणी तिचं नाव काढलं नाही. कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही. महिन्याभरात बदली झाली आणि आम्ही सोलापूरला आलो.

तुझे दाजी जायच्या आठ दिवस आधी मला म्हणाले, "गोदू, कोडीच्या खाली ठेवलंय तिला. खूण म्हणून एक गुलमोहर लावला. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर घरातला पाटा ठेवला." आणि रडले. पन्नास वर्षं हे सगळं पोटात घेऊन तो माणूस माझ्यासमोर रोज जेवायला बसत होता.

आठवतं ना, आईचा पाटा हरवला होता? जन्मभर ती कामवालीवर संशय घेत राहिली. नुसता वरवंटा मागे राहिला, तो तिने मला दिला. अजून मी त्यानेच चटणी वाटते. कमूच्या पाचवीला तोच पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा केली होती. बारशाला त्याच वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून फिरवला होता.

विठू, तुझी विद्या खरी असेल. पण आपणही काही मूळचे तिथले नव्हे. पणजोबा सांगलीकडून आले, कानडी शिकले आणि राहिले. आपल्यावर कुणी फुली मारली नाही. एक झाड सोड. दुसरं काही मी तुझ्याकडे कधी मागितलं नाही. स्पीड पोस्टाने पाठवते आहे म्हणजे २६च्या आत पोचेल.

अक्का

*

केलगेरी
५ मार्च २०२४

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही. तू एवढी वर्षं हे एकटीने धरून होतीस आणि मी दर दिवाळीला तुझ्याकडे येऊन लाडू खाऊन जात होतो.

पत्र वेळेत पोचलं. झाड आहे. तू काळजी करू नकोस. समितीत थोडं बोलावं लागलं, पण झालं.

सोबत शेंग पाठवतो आहे. वाळलेली आहे, हलवली की आत बिया वाजतात. सांभाळून ठेव.

इकडे ऊन वाढलं आहे. अनिताचे गुडघे दुखतात.

विठू

*

सोलापूर
१६ मार्च २०२४

चि. विठूस अनेक आशीर्वाद.

शेंग पोचली. देवघरात ठेवली आहे. रोज हळदकुंकू वाहते. सकाळी सगळे उठायच्या आत एकदा हातात घेऊन हलवते. मला आवाज ऐकू येत नाही, पण हाताला कळतो.

परवा मधुवंतीने विचारलंच, "आई, ही शेंग कसली?" मग मी सांगून टाकलं. संजीवलाही. तो म्हणाला, मला एक ताई होती म्हणजे. नवरा नाही, आई-अप्पा नाहीत, आता कुणाला घाबरायचं? पन्नास वर्षांनी माझ्या घरात कमूचं नाव मोठ्याने घेतलं गेलं, ते तुझ्यामुळे. तुला लहानपणी मी फार मारलं आहे, ते सगळं परत घेते.

आता माझं ठरलं आहे. गुलमोहर मे महिन्यात फुलतो ना? तेव्हा मी येणार. संजीव सोडायला येईल. झाडाखाली थोडं बसेन आणि परत जाईन. तुमच्या त्या सटवाजीला भेटायचं आहे. त्याला माझ्यातर्फे एक धोतरजोडी घेऊन ठेव. त्याने अडवलं नसतं तर तू त्या झाडाचा विषयही पत्रात काढला नसतास, आणि मला काही कळलंच नसतं.

तुझं पत्र फारच छोटं होतं. तब्येत बरी आहे ना?

अक्का

*

केलगेरी
३० मार्च २०२४

ती. अक्कास नमस्कार.

मे महिन्यात येऊ नकोस. उन्हाळा या वर्षी फार कडक आहे, तळंही खाली गेलं आहे. शिवाय पायवाटेचं काम चालू असल्याने कोडीकडे जायला वाट बंद आहे, दगडमाती पडली आहे. तुझ्या वयाला ते झेपणार नाही. पाऊस सुरू झाला, सगळं हिरवं झालं, की दिवाळीच्या सुमारास बघू. नाहीतर मीच सोलापूरला येतो.

सटवाजीचं बघतो.

विठू

*

सोलापूर
२० एप्रिल २०२४

चि. विठू,

वाट बंद आहे असं तू लिहिलंस. मधुवंतीने काल मला तिच्या मोबाइलवर फोटो दाखवले. तिच्या मावशीने हुबळीहून पाठवले. तुमची पायवाट सुरू झाली आहे, लोक सकाळी फिरताहेत. कोडीजवळ फीत कापताना तू उभा आहेस, खांद्यावर शाल आहे. मागे जाळीतली लहान लहान रोपं ओळीने दिसतात. कोडी दिसते. गुलमोहर दिसत नाही.

मी फोटो बोटांनी मोठा करून बघायला शिकले. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

झाड कुठे आहे?

अक्का

*

केलगेरी
१ मे २०२४

ती. अक्कास,

झाड नाही. २६ फेब्रुवारीलाच कापलं.

पत्र उशिरा आलं असं लिहून सुटता आलं असतं, पण ते २२ तारखेलाच आलं होतं. अनिताने सही करून घेतलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मी भाषण लिहीत होतो. तुझं अक्षर पाहिलं आणि म्हटलं, चाफ्यावरून अक्काने चार टोमणे मारले असतील, समारंभ झाल्यावर निवांत वाचू. चार दिवस ते पाकीट माझ्या कोपराशी पडून होतं. त्याच्यावर मी चहाचा कप ठेवला होता.

पुढचंही सांगतो. अर्धं सांगितलं तर पुन्हा खोटंच होईल. झाड आतून पोकळ होतं, पावसात पडलंच असतं, असं लिहावं असं फार वाटत होतं. पण ते चांगलं भरीव होतं. बुंधा काढायला यंत्र आणलं होतं. मुळांबरोबर एक चपटा काळा दगड वर आला आणि यंत्राच्या दाताने त्याचे दोन तुकडे झाले. त्यावर टाकीचे घाव स्पष्ट होते. मी म्हटलं, कुणीतरी टाकून दिलेला पाटा आहे, बाजूला करा. सटवाजी म्हणाला, "सर, टाकलेला दगड कोन एवढ्या खोल पुरतंय?" मी तसाच वळलो, कारण लोक मला भाषणाला बोलवत होते. भाषणात मी, जे जिथलं आहे ते तिथे रुजावं, असं काहीतरी म्हणालो. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं पत्र फोडलं. पाट्यापर्यंत वाचलं आणि पुढे वाचता येईना. अनिताने उरलेलं वाचून दाखवलं.

तसाच हळ्ळाकडे गेलो. तोपर्यंत खड्ड्यातली माती ट्रॅक्टरने नेऊन पायवाटेच्या भरावात टाकून झाली होती. अक्का, पाट्याखाली मला माती सोडून काही दिसलं नव्हतं, हे मी तुझी शपथ घेऊन सांगतो. आता त्या वाटेवरून लोक चालतात. लोकांना वाटतं मीही रोज जात असेन. मी फीत कापली त्या दिवसानंतर तिथे पाय ठेवलेला नाही.

सटवाजीने पाट्याचे तुकडे सायकलवरून घरी नेले, धुतले आणि तुळशीजवळ ठेवले. मी मागायला गेलो. त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमच्या अक्का आल्या म्हंजे त्यांच्या हातात दीन. तुमच्या न्हाई." नंबर सत्तेचाळीसची जागा अजून मोकळी आहे. तो तिथे कुणालाही रोप लावू देत नाही. दोन्हीकडचे लोक त्याला सांगून थकले आणि आता गप्प बसले आहेत.

शेंग पोस्टाच्या आवारातल्या गुलमोहराखालून उचलली होती. पत्र टाकायला गेलो होतो, शेंगा खाली पडलेल्या दिसल्या. तुला काहीतरी हातात धरायला द्यावं असं वाटलं. त्या वेळी ते मला दयाळूपणाचं वाटत होतं, खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

मी समितीतून बाहेर पडलो आहे. त्याने काही होत नाही हे मला कळतं. जन्मभर मी पोरांना सांगत आलो की झाड ओळखायचं तर आधी नीट बघा, विचारा, हात लावा. मी पान बघितलं, नाव उच्चारलं आणि फुली मारली. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस सांगत होता ते ऐकलं नाही.

माफ कर असं लिहायची माझी हिंमत नाही.

विठू

*

सोलापूर
२४ मे २०२४

चि. विठू,

तुझं पत्र मी संजीव-मधुवंतीला वाचायला दिलं नाही. झाड पडलं एवढंच सांगितलं. तू त्यांचा मामा आहेस, त्यांना दुसरा मामा नाही.

तू झाड कापलंस त्याचा मला राग येत नाही. तुला ठाऊक नव्हतं. पत्र फोडलं नाहीस त्याचाही येईल आणि जाईल. पण शेंगेचा राग जात नाही. एक महिना मी त्या शेंगेला कमू म्हणत होते. आता ती टाकवत नाही आणि देवघरात ठेववतही नाही. पिठाच्या रिकाम्या डब्यात घालून माळ्यावर टाकली आहे. तू मला खरं लिहिलं असतंस तर मी मार्चमध्येच रडून मोकळी झाले असते. तू मला एकदा सुखी करून मग रडवलंस. असं तुझ्या दाजींनी केलं नाही. ते गप्प राहिले, पण त्यांनी मला खोटी खूण दिली नाही.

सटवाजीची माणसं ज्या काठाला आहेत त्याच काठाला आमची कमू होती. त्याच्या आईला तरी जागा ठाऊक असेल, म्हणून तर तो ओळखू शकला. आपल्याकडे आम्हा बायकांना घरात बसवलं आणि पुरुषांनी येऊन आंघोळी केल्या. तुम्हा सगळ्यांनी मिळून मला ती जागा कधी दाखवलीच नाही. आधी अप्पांनी नाही, मग यांनी नाही, आणि तू दाखवण्याआधीच पुसून टाकलीस. हे रागाने लिहीत नाही, फार थकून लिहिते आहे.

मी येते आहे. मृगाला, पहिला पाऊस झाला की, म्हणजे रोप धरेल. ९ जूनचं तिकीट काढलं आहे. हुबळीला केशवापुरात मधुवंतीच्या मावशीकडे उतरेन, तुझ्याकडे नाही. वरवंटा बरोबर आणते आहे. इतकी वर्षं त्याने मी चटण्या वाटल्या, आता त्याचा पाटा जिथे आहे तिथे त्याला जाऊ दे. पाट्याचे दोन्ही तुकडे आणि वरवंटा खाली ठेवून वर रोप लावायचं. खड्डा सटवाजी काढेल. मी जाणार आणि मी माती लोटणार. बायकांनी जायचं नसतं हे मला आता कुणी सांगू नये.

रोप तू निवडून ठेव. तुझ्या यादीतलंच घे. करंज घे, नाहीतर जांभूळ, तुला जे योग्य वाटेल ते. गुलमोहर नको. उद्या पुन्हा कुणी तुझ्यासारखा शिकलेला माणूस ब्रश घेऊन आला, तर त्याला फुली मारायला काही सापडू नये असं झाड दे. सटवाजीच्या हाती पाठव.

तू त्या दिवशी तिथे येऊ नकोस. नंतर मला वाटलं तर मीच तुझ्याकडे येईन, आणि चहा घेईन. वाटलं नाही तर तशीच परत जाईन. तब्येतीला जप. अनिताच्या गुडघ्यांना तिळाचं तेल कोमट करून लाव.

हुबळी स्टेशनवर मला घ्यायला सटवाजीला पाठव. माझ्या हातात वरवंटा असेल, तो मला ओळखेल.

अक्का